समुद्रातून सूर्योदय मागणाऱ्यांस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत पुण्याच्या एका गृहस्थांचे पत्र आले होते. जाहिरातीतला निळाशार समुद्र बघून ते सहकुटुंब जुलैत मालवणला आले आणि त्यांच्या नशिबी आला तो चहाच्या रंगाचा, खवळलेला दर्या. होड्या बंद, किल्ला लांबूनच बघायचा, पाण्याखालच्या प्रवाळांचे तर नावच नको. ‘ही सरळसरळ फसवणूक आहे,’ असे त्यांनी लिहिले आहे. त्यांचा राग मला पटतो. तरीही सांगतो, तो फोटो बहुतेक खोटा नसणार. त्यांनी नेमका कोणता पाहिला ते मला माहीत नाही. पण तसले फोटो काढले जातात तेव्हा मागे चिखलात रिफ्लेक्टर धरून जो माणूस उभा असतो, तो गेली बरीच वर्षे मी आहे. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहायचा हक्क मला आहे असे समजतो. पत्र लांबले तर कात्री लावा, पण भरती-ओहोटीचा भाग कापू नका.

मालवण तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. १९८८ साली टाकला. लग्न, मुंज, पासपोर्टचे फोटो, दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप, क्वचित कोणी गेले तर भिंतीवर लावायला एन्लार्जमेंट. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि मग मुंबईहून मोठमोठे कॅमेरे घेऊन माणसे यायला लागली. त्यांना हाताशी एक स्थानिक माणूस लागतो. कागदावर माझ्या नावापुढे ‘लोकल कोऑर्डिनेटर’ असे लिहितात. म्हणजे होडी ठरवायची, परवानग्यांच्या मागे धावायचे, वीस जणांच्या जेवणाची सोय करायची, मॉडेलच्या डोक्यावर छत्री धरायची आणि सगळे फिसकटले की शिव्या खायच्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही. मुंबईच्या एका जाहिरात कंपनीकडून पर्यटनाच्या मोहिमेसाठी आठ फोटोंची चित्रे आली. हल्ली फोटो काढण्याआधी तो कसा दिसणार हे कॉम्प्युटरवर रंगवून पाठवतात आणि क्लायंटची त्यावर सही होते. सही झाली की ते चित्र म्हणजे ब्रह्मवाक्य. मी स्टुडिओत बसून ती आठ चित्रे पाहिली आणि बायकोला हाक मारली, म्हटले, जरा बघ ग.

पहिल्या चित्रात एक जोडपे वाळूत बसून समुद्रातून उगवणारा सूर्य बघत होते.

आमचा किनारा पश्चिमेचा. इथे सूर्य समुद्रात बुडतो, समुद्रातून उगवत नाही. हे तिसरीतल्या पोराला कळते, पण वातानुकूलित खोलीत ते चार-पाच जणांच्या नजरेतून सुटले होते. मी फोन केला. पलीकडे आर्ट डायरेक्टर बाई होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला अगदी गोड. म्हणाल्या, ‘‘काका, मग आपण संध्याकाळी शूट करू आणि सकाळ म्हणून दाखवू. कोणाला कळणार आहे?’’ मी म्हटले, मॅडम, इथे येऊन पहाटे पाचला वाळूत बसणाऱ्याला कळणार आहे.

दुसरे चित्र तर मी लॅमिनेट करून ठेवायला हवे होते. पुढे पोपटी भाताचे शेत, मागे हापूसचे झाड, त्याला पिवळेधमक आंबे लगडलेले. आमच्याकडे भाताची लावणी जुलैत, कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास. हापूसला मोहोर येतो डिसेंबर-जानेवारीत आणि फळ तयार होते एप्रिल-मेमध्ये. मेमध्ये त्या शेतात काय असते? ढेकळे, आणि पालापाचोळा जाळून केलेल्या भाजावळीची राख. भात आणि आंबा यांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही. ताटात पडते, आमरसाबरोबर भात वाढला तर तेवढीच.

तिसऱ्या चित्रात होडीतून दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याचा भव्य मुख्य दरवाजा. आता हा दरवाजा बाहेरून दिसत नाही, यातच त्या किल्ल्याची अर्धी अक्कल आहे. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केले, १६६७ पर्यंत चालले. तट असा वळवून घेतला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत वाट कुठून आहे ते शत्रूला उमगू नये. साडेतीनशे वर्षांनी ती युक्ती मुंबईच्या जाहिरात कंपनीवरही लागू पडली, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

एवढे सगळे मी त्यांना कळवले. ‘‘रेकीला येतोच, तिथे बघू,’’ असे उत्तर आले.

रेकी म्हणजे जागेची आगाऊ पाहणी. ती केली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि शूट ठरले ऑक्टोबरात. इथेच अर्धा घोटाळा झाला. मेमध्ये किनाऱ्यावर ऐसपैस वाळू असते. पावसाळ्यात लाटा ती ओढून नेतात आणि थंडीपर्यंत हळूहळू परत आणून टाकतात. बाईंनी जिथे खडूने खुणा करून ‘‘इथे हॅमॉक, इथे टेबल’’ ठरवले होते, तिथे ऑक्टोबरात वाळूच अर्धीमुर्धी होती आणि माडाची मुळे उघडी पडलेली. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच माळावर, जिथे कार उभी करायची ठरली होती तिथे कमरेएवढे गवत. ज्या महिन्यात फोटो काढायचा त्याच महिन्यात, फार तर आदल्या वर्षीच्या, जागा बघून ठेवावी, ही साधी गोष्ट. पण जाहिरातीचे बजेट मार्चनंतर मंजूर होते आणि मेमध्ये सगळ्यांना सुटी असते. आमच्या जागा कधी बघायच्या हे आर्थिक वर्ष ठरवते.

ऑक्टोबर निवडण्यात मात्र चूक नव्हती, ते श्रेय त्यांना देतो. गवताचा हिरवा आणि समुद्राचा निळा हे दोन रंग आमच्याकडे एकत्र नांदतात ते जेमतेम तीन-चार आठवडे. पावसाळ्यात सडा हिरवा असतो, पण नद्यांच्या गाळाने समुद्र तांबूस. डिसेंबरनंतर समुद्र काचेसारखा, पण सडा वाळून सिंहाच्या कातड्याच्या रंगाचा. पाऊस परतू लागला की मधला तो तुकडा मिळतो. त्यातही दुपारनंतर ढग जमून गडगडाट व्हायचा, म्हणजे हातात उरते सकाळ. पुण्याच्या त्या गृहस्थांना मला एवढेच सांगायचे होते. तुम्ही पाहिलेला समुद्र खरा होता. तो ऑक्टोबरातल्या कुठल्यातरी मंगळवारी सकाळी सव्वासातचा होता. ते तिथे कोणी छापले नाही, आणि तुम्ही आलात जुलैत.

आता भरती-ओहोटी. माझे वडील मासेमारीतले नव्हते, पण आजोळ देवबागचे. तिथे लहानपणी एक हिशेब शिकलो तो आजवर पुरला. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तासाने पुढे. मिनिटाचा हिशेब हवा तर छापील कोष्टके आहेत, मोबाइलवर आहेत. पण पंचांगावर नजर टाकून तोंडी सांगता येते ते हेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल मंद.

हे वाचकांना कशाला सांगतो? तर त्या आठ चित्रांतले पाचवे होते ओल्या वाळूत सूर्यास्ताचे प्रतिबिंब, अगदी आरशासारखे. आणि सहावे होते पाण्याखाली प्रवाळांजवळ पोहणारी मुलगी. आरशासारखी ओली वाळू सूर्यास्ताला हवी तर संध्याकाळी सहाच्या आसपास खोल ओहोटी पाहिजे, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या. पाण्याखाली स्वच्छ दिसायला हवे तर गाळ बसलेला पाहिजे, म्हणजे भांग, अष्टमीच्या आगेमागे. दोन्हींत आठवड्याचे अंतर. कंपनीने हॉटेल घेतले होते तीन रात्रींसाठी. शिवाय ऑक्टोबरात पाणी अजून निवळलेले नसते. पाण्याखालच्या फोटोला नोव्हेंबर उलटून जाऊ द्यावा. तो फोटो त्या फेरीत मिळणार नाही असे मी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा आमच्या होडीवाल्याने सांगितले, त्याच्या भाषेत. ‘‘सायेब, दर्यो तुमच्या कागदार चलाचो नाय.’’

कागद म्हणजे कॉल शीट, शूटचे छापील वेळापत्रक. त्यावर ‘सकाळी ९.०० : शांत समुद्र’ असे खरोखर छापलेले होते.

परवानग्यांचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण बाहेरून येणाऱ्यांचा समज असतो की समुद्र काय, सगळ्यांचाच. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला. मोबाइलने हवे तेवढे फोटो काढा, पण ट्रायपॉड, दिवे, मॉडेल घेऊन जायचे तर आधी अर्ज. किल्ल्याभोवतीच्या पाण्यात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारावे लागते. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून ड्रोनवाल्यांच्या नकाशात आमचा बराच भाग हिरव्यातून पिवळ्यात गेला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथे उडवायला परवानगी हवी आणि ती जागेवर उभे राहून मिळत नाही. ड्रोनवाला मुलगा मला म्हणाला, ‘‘पाच मिनिटं उडवतो, खाली घेतो.’’ मी म्हटले, विमान यायलाही पाच मिनिटेच लागतात. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. जाताना मात्र काजूचे पाकीट घेऊन गेला.

शूटच्या पहिल्या दिवशीचा पहिला तास कॅमेऱ्यावरचे दव पुसण्यात गेला. हे दर वेळी होते आणि दर वेळी नव्याने होते. हॉटेलात रात्रभर एसी अठरावर, पहाटे बाहेर दमट हवा, कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर धुके. पुसले की परत धुके. आतल्या बाजूला धरले तर पुसताही येत नाही. कॅमेऱ्याची बॅग रात्री एसीबाहेर, पडवीत ठेवा हे मी आदल्या दिवशी सांगितले होते. महागाचा कॅमेरा पडवीत ठेवायची कोणाची हिंमत झाली नाही. चालायचेच. तोवर सूर्य वर आला होता.

सूर्योदयाचा फोटो मात्र आम्ही मिळवला, आणि त्यात लबाडी नाही. देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. खाडीच्या बाजूला पूर्व. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सगळ्यांना तिकडे नेले. पाणी काळेभोर, पलीकडे माडांची रांग, मग हळूहळू माडांच्या शेंड्यांमागे केशरी रंग, आणि एक म्हातारा छोट्या होडीतून जाळे टाकत मधोमध आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. तो रोजच येतो. आर्ट डायरेक्टर बाई काही वेळ काही बोलल्याच नाहीत. नंतर म्हणाल्या, ‘‘काका, हे तर आमच्या चित्रापेक्षा छान आहे.’’ मी म्हटले, म्हणूनच आधी विचारायचे असते. त्या म्हाताऱ्याला मी नंतर गाठून फोटो दाखवला, वापरू का विचारले, आणि कंपनीकडून त्याला मानधन देवविले. संमतीच्या कागदावर त्याने इंग्रजी मजकुराखाली झोकात मराठी सही केली आणि विचारले, ह्यात माझी होडी विकल्याचे काही लिहिलेले नाही ना? मी कागद पूर्ण वाचून दाखवला. तो मुळात मराठीतच का नसावा, हा प्रश्न मी पुढे ठेवतो.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट तेवढी चांगली नाही. ‘निर्जन किनारा’ असे त्या चित्राचे नाव होते. किनारा निर्जन नव्हता. तिथे रापणकरांच्या होड्या होत्या, जाळी पसरलेली, एका बाजूला सुकत घातलेली मासळी, आणि अर्थात वास. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचे मोठे जाळे. पंचवीस-तीस माणसे लागतात, मिळेल त्यात प्रत्येकाचा वाटा. कंपनीचा एक पोरगा पुढे झाला आणि त्याने तिथल्या एका म्हातारीला, हिंदीत, ‘ये सब थोडा साइड में करवा दो’ असे सांगितले. ‘कचरा’ हा शब्द त्याने वापरला की नाही यावर नंतर वाद झाला. मी ऐकला. म्हातारीनेही ऐकला. ती उठली नाही. म्हणाली, ‘‘ह्या होडयेर आमचा पोट आसा. तुमका ता कचरो दिसता?’’

पुढे मी मध्ये पडलो, चहा झाला, माफी झाली. रापणकर म्हणाले, होड्या हलवणार नाही, पण पाऊण तासाने रापण ओढणार आहोत, तिचा काढा की फोटो. वेळ नव्हता. कॉल शीटवर रापण नव्हती. कंपनी अर्धा किलोमीटर पुढे गेली, दोन झावळ्या आडव्या लावल्या आणि निर्जन किनारा तयार झाला. मागे पंचवीस माणसे एका लयीत दोर ओढत होती, पोरे मध्ये मध्ये लुडबुडत होती, बगळे आणि कावळे जमले होते, आणि जाळे वाळूवर आले तेव्हा उन्हात सगळी चांदी उसळली. तो फोटो मी माझ्या जुन्या कॅमेऱ्याने काढला. स्टुडिओत लावला आहे. कोणाला जाहिरातीला हवा असेल तर त्या पंचवीस जणांना विचारून देईन.

इथवर जे लिहिले ते वेळ आणि पैसा वाया जाण्याचे. पुढचे जरा वेगळे आहे आणि त्यासाठीच खरे तर हे पत्र.

आठवे चित्र असे होते की होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, एक मुलगी पाय बाहेर सोडून बसली आहे, हात पसरलेले, केस उडताहेत. अंगात लाइफ जॅकेट नाही, कारण नारिंगी जॅकेटने ड्रेसचा रंग मरतो. मी नको म्हटले. ते म्हणाले, होडी थांबवून काढू, पाणी कमरेएवढे असेल तिथे काढू, दोन पोहणारे शेजारी ठेवू. हे सगळे त्यांनी खरेच केले. मॉडेलला जराही धोका नव्हता. फोटो झकास आला.

पण त्या फोटोत थांबलेली होडी दिसत नाही. कमरेएवढे पाणी दिसत नाही. चौकटीच्या बाहेर उभे असलेले दोन पोहणारे तर दिसतच नाहीत. दिसते ती चालत्या होडीच्या टोकावर जॅकेट न घालता बसलेली मुलगी. फोटो प्रसिद्ध झाल्यापासून आमच्या होडीवाल्यांना रोज हेच ऐकावे लागते, ‘भाऊ, तसा फोटो काढायचाय, जरा पुढे बसू दे.’ नाही म्हटले तर मोबाइल काढून जाहिरात दाखवतात. ‘हे बघा, तुमच्याच इथला आहे.’ होडीवाला काय करणार? एकाने नाही म्हटले तर पर्यटक शेजारच्या होडीकडे जातो. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून माणसे गेली, ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्या दुर्घटनेचा आणि या फोटोचा काही संबंध नाही. पण त्यानंतरही जॅकेटला फोटोतून काढून टाकावेसे वाटते, याचे मला आश्चर्य वाटते.

मी पस्तीस-सदतीस वर्षे फोटो काढतोय. लग्नाच्या अल्बममध्ये एका नवरीने करवंदी शालू नेसला की पुढच्या मोसमात तालुक्यात दहा करवंदी शालू. बघितलेले माणूस करते. पर्यटनाच्या जाहिरातीत तर ते व्हावे म्हणूनच पैसे ओतलेले असतात. मग फोटोत मॉडेल जिथे उभी, तिथे उद्या दोन हजार माणसे उभी राहणार, हे धरूनच चौकट लावायला नको का? तटाच्या कठड्यावर मॉडेल बसवली तर कठड्यावर माणसे बसणार. सड्यावरच्या फुलांत लोळवली तर फुलांत लोळणार. कासवाची पिल्ले हातात घेतली तर पुढच्या मार्चमध्ये वायंगणीच्या किनाऱ्यावर पोरे पिल्ले उचलणार. रेकीच्या वेळी प्रकाश, पार्किंग, जनरेटर, मेकअपची खोली सगळ्याची यादी असते. त्यात एक ओळ वाढवा की हीच गोष्ट दहा वर्षांच्या मुलाने आईवडिलांचे लक्ष नसताना केली तर काय होईल. उत्तर भीतीदायक असेल तर ती चौकट टाकून द्या, कितीही सुंदर असो. आणि जॅकेटचा रंग खुपत असेल तर ड्रेस बदला. निळ्या पाण्यावर नारिंगी रंग किती उठून दिसतो हे फोटोग्राफरला मी सांगायचे म्हणजे कमाल झाली.

दुसरी मागणी छोटी आहे. जाहिरातीच्या कोपऱ्यात क्लायंटचे चिन्ह येते, वेबसाइट येते, नियम व अटी लागू हेही बारीक अक्षरांत येते. तिथेच ‘देवबाग, ऑक्टोबर, सकाळ’ एवढे तीन शब्द छापा. पुण्याचे गृहस्थ निदान प्रश्न तरी विचारतील. २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या बंद असतात, जून-जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी, हे आम्हाला पाठ आहे. येणाऱ्याला ते जाहिरातीतून कळायला काय हरकत आहे?

आणि मग जुलैचा माणूस यायचाच नाही, आमचा धंदा बुडेल, असे आमच्यातलेच काही हॉटेलवाले म्हणतील. त्यांना माझे म्हणणे आहे की जुलैचा फोटो जुलैत काढा. आजवर मी एकाही कंपनीला जुलैत येताना पाहिले नाही. १९९६ साली मी स्वतःच्या हौसेखातर मालवणातल्याच राजकोटच्या बाजूने एक रोल खर्च केला होता. छत्तीस फोटो, रोल धुवायला कोल्हापूरला पाठवला, खर्च अंगावर. त्यात एक आहे. करडे आभाळ, तांबूस समुद्र, आणि किल्ल्याच्या तटावर आपटून तटाच्या दुप्पट उंच उडालेली लाट. निळा रंग औषधाला नाही. स्टुडिओत येणारी माणसे तारकर्लीच्या निळ्या फोटोवरून नजर फिरवतात आणि त्या लाटेसमोर थांबतात. पडवीत बसून असा समुद्र ऐकायचा, टाकळ्याची भाजी, खेकड्यांचा रस्सा, आंबोलीच्या घाटात ढग गाडीच्या काचेवर, हे विकता येत नाही असे कोणी सांगितले? मात्र ते ‘समुद्रस्नानाचा आनंद’ म्हणून विकू नका. त्या दिवसांत पाण्यात उतरायचे नाही, हेही त्याच फोटोखाली लिहा.

गावाला विचारा, हे मी जे म्हणतो त्याचा अर्थ ग्रामपंचायतीकडून ना-हरकत दाखला घेणे, एवढाच लावतात. तो घ्याच. पण चित्र रंगवायच्या आधी एक दिवस या. होडीवाला, रापणकर, एखादी बागायतदार बाई आणि मिळाला तर दशावतारातला एखादा कलाकार यांना चहा पाजा. दशावताराचे विशेष सांगतो, कारण त्यांच्याही वाट्याला हेच येते. रात्रभर जत्रेत नाटक करून पहाटे तोंड धुतलेल्या माणसाला सकाळी दहाला परत रंग लावून वाळूत उभा करतात आणि ‘जरा डान्स करा’ म्हणतात. त्याला विचारले असते तर तो म्हणाला असता, रात्री देवळाच्या सभामंडपात या, पेट्रोमॅक्सच्या जागी आता हॅलोजन असले तरी तोंडावरचा रंग तिथेच खुलतो. हे एक दिवसाचे काम आहे. खर्च चहाचा. त्या तीन दिवसांत वाया गेलेल्या तासांचा हिशेब मी कंपनीला लिहून दिला होता, तो चहापेक्षा पुष्कळ जास्त भरला.

ता. क. : पुण्याच्या त्या गृहस्थांना, आपण परत याल तर दिवाळीनंतर या. पाण्याखालचे बघायचे असेल तर नोव्हेंबर उलटल्यावर पंचांग उघडून अष्टमी गाठा, सूर्यास्त बघायचा असेल तर पौर्णिमा. सूर्योदयाला देवबागच्या खाडीवर. म्हातारा होडी घेऊन साडेसहाच्या सुमारास येतो, त्याला विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

आपला,
एक जुना स्टुडिओवाला, मालवण तालुका

(नाव छापू नये ही विनंती. त्या कंपनीकडून जेवणाच्या बिलाचे पैसे अजून यायचे आहेत.)